तिसऱ्या ओळीनंतरची मात्रा

वरकुटे, ता. इंदापूर
५ जानेवारी २०२५

मानसिंग,

वर चिरंजीव लिहिणार होतो, पण छप्पन्न वर्षांच्या गड्याला चिरंजीव म्हणताना पेन अडखळलं. आशीर्वाद आहेतच. घ्यायचे की नाहीत ते तुझं तू बघ. फोन तू उचलत नाहीस. पाकीट फाडून फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र लिहितोय.

काम आहे. मला कॉम्प्युटरवर नोटेशन लिहायचं आहे. त्याची सॉफ्टवेअरं ढिगानं आहेत असं निकिता म्हणते, आणि त्यातलं कुठलं घ्यावं हे मला कळत नाही. तू बारामतीत शाळेच्या बँडच्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरूनच कागद काढतोस, हे तिला राजलक्ष्मीनं सांगितलं. बायकोवर चिडू नकोस. माझी पोरगी एमआयडीसीत नोकरीला, तुमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. चुलती-पुतणी मंडईत समोरासमोर आल्या तर काय तोंड फिरवून जाणार? आपलं दोघांचं आहे ते आपल्या दोघांपुरतं असू दे.

हे सगळं आपल्या बापासाठी, तात्यांसाठी चाललंय. तात्या त्र्याऐंशीचे झाले. खाटेवरून ओसरीवर येतात, ओसरीवरून परत खाटेवर जातात. त्यांचं क्लॅरिनेट मी महिन्यातून एकदा पुसून पेटीत ठेवतो. दिवाळीत त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, “दत्तू, वेशीची चाल कागदावर उतरव. दोनी सूर पायजेत, वरला बी आन् खालला बी. नुसता वरला ऱ्हायला तर ती चाल न्हाय, शीळ हाय.”

वरात गावाच्या वेशीशी आली की वाजवायची म्हणून तात्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ती बांधली आणि त्यांचा ‘झुंबर मास्तरांचा बँड’ तालुक्यात तिच्यावरच ओळखला गेला, हे मी तुला सांगायला नको. पण त्यांच्या वहीत नुसते वरच्या सुराचे स्वर आहेत. मात्रा लिहिलेल्या नाहीत, आणि खालच्या सुराचं तर एक अक्षर नाही. वरचा सूर बँड बंद पडल्यावर मी तात्यांच्या गुणगुणण्यावरून क्लॅरिनेटवर शिकून घेतला, ढोल वाजवणाऱ्या हातांना जमेल तितपत. खालचा तुझ्या पितळी कॉर्नेटचा. तू फौजेत होतास तेव्हा चाल एका सुरावरच निघायची, आणि तू सुट्टीवर आलास की भरायची. तो खालचा सूर सबंध जगात एकाच माणसाला येतो.

तो मी तुझ्याकडे मागत नाही. फक्त सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं एवढं सांग. निकितानं तीन काढून ठेवलीत. एक पाच रेघांच्या पट्ट्यांवरच्या विलायती नोटेशनचं, फुकट मिळतं. दुसरं आपल्या सारेगमचं, मराठी अक्षरांत. तिसरं मोबाईलवरचं, आपण वाजवायचं आणि ते ऐकून लिहून घेतं म्हणे.

घरी सर्वांना विचारलंय म्हणून सांग. सांगायचं नसेल तर राहू दे, निकिता सांगेल.

दत्तोबा


वरकुटे
१९ जानेवारी २०२५

मानसिंग,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी भावानं भावाला लिहिलेलं कार्ड, आणि त्यावर दोन वाक्यं: ‘कशासाठी हवं ते आधी ठरव. मग सांगतो.’ खाली सही, पूर्ण आडनावासकट. पोस्टमननं ते वाचून मला दिलं आणि कुठल्या ऑफिसातून आलंय असं विचारलं. फौजेत शब्दांचं रेशन असतं का रे?

तरी तुझा प्रश्न डोक्यात घेऊन तिन्ही वापरून बघितली. आधी मोबाईलवालं, कारण त्यात डोकं लागत नाही. ओसरीवर बसून पहिली ओळ वाजवली. तेवढ्यात तुझ्या वहिनीच्या कुकरनं शिट्टी दिली, तीही त्यानं इमानदारीनं लिहून घेतली. तात्या एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे ना, ती घसरण तर त्यानं बारीक बारीक पंचवीस स्वरांत तोडली. निकितानं ते परत वाजवून दाखवलं. तात्यांनी विचारलं, हे कुणाचं वाजवणं. निकितानं ते पुसून टाकलं.

मग सारेगमवालं. हे मला आवडलं. अक्षरं आपली, खाली मात्रांच्या खुणा, कागद असा देखणा निघतो की भिंतीला लावावा. पहिली ओळ मी एकट्यानं लिहिली, निकिताला हातसुद्धा लावू दिला नाही. पण त्यात दोन वाद्यं एकाखाली एक जुळवून बसत नाहीत. खालची ओळ लिहिली की वरचीपासून सुटते, कुठल्या स्वराखाली कुठला स्वर ते कळत नाही. आणि ते मुकं आहे. लिहिलेलं वाजवून दाखवत नाही.

राहिलं पट्ट्यांवरचं. त्यात क्लॅरिनेट आहे, कॉर्नेट आहे, दोन्हींच्या पट्ट्या एकाखाली एक येतात आणि ते वाजवूनही दाखवतं. आवाज रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोसारखा आहे, पण सूर चुकत नाही. अडचण एवढीच की मला पट्ट्या वाचता येत नाहीत. ते तुझं खातं होतं. तू पहिल्या सुट्टीवर तसले कागद घेऊन आला होतास आणि आम्ही त्यांना मुंग्यांची रांग म्हणून हसलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

निकितालाही मी तुझाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “छापायचं आसंल तर एक, ऐकायचं आसंल तर दुसरं, शिकवायचं आसंल तर तिसरं. तुमाला नक्की काय पायजे, अण्णा?” मी म्हणालो, तात्यांनी सांगितलंय म्हणून. ती म्हणाली, ते कारण झालं, गरज नाही झाली. कंपनीत राहून पोरगी फारच शहाणी झाली आहे.

उत्तर अजून सापडलेलं नाही. सापडलं की कळवीन.

दत्तोबा


वरकुटे
२ फेब्रुवारी २०२५

मानसिंग,

तू काही कळवलं नाहीस. मीच पट्ट्यांवरचं घेतलं. एकसष्टाव्या वर्षी मुंग्यांची रांग वाचायला शिकतोय. सकाळी पेरूच्या बागेत फेरी झाली की लॅपटॉप उघडतो. निकिता तो सुट्टीला घेऊन येते आणि आता माझ्यासाठी इथंच ठेवून जाते. दोन ओळी बसवायला पाच दिवस लागले.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते. त्यात खालची पट्टी रिकामी ठेवली तरी ती रिकामी राहत नाही. उभ्या रेघांनी पाडलेल्या प्रत्येक घरात ते आपणहून एक काळी चौकट लोंबकळवतं. निकिता म्हणाली, त्याचा अर्थ इथं हे वाद्य गप्प आहे. मी वरचा सूर भरत गेलो आणि खाली कॉर्नेटच्या नावापुढं गप्प, गप्प, गप्प असं छापत गेलं. वाजवून ऐकलं. तात्या म्हणाले ते खरं आहे, एकटा वरचा सूर म्हणजे शीळ आहे. ढोल वाजवताना मला कधी कळलं नव्हतं की मी ऐकतोय ती चाल अर्धी तुझी आहे. मला वाटायचं, तू नुसता हाताखाली वाजवतोस.

पुढची गोष्ट सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तिसरी ओळ संपवून चौथी लिहायला घेतली आणि सगळं बिघडलं. त्या सॉफ्टवेअरात प्रत्येक घरात चारच मात्रा मावतात. मी मनातल्या चालीप्रमाणं लिहीत गेलो, तर तिसऱ्या ओळीनंतरची एक मात्रा त्यानं उचलून पुढच्या घरात टाकली. तिथून पुढची अख्खी चाल एकेक मात्रा सरकली. जिथं ठोका यायचा तिथं स्वर संपायला लागले. मी तीनदा पुसून लिहिलं, तीनदा तेच.

निकितानं बोटं मोजत ऐकलं आणि म्हणाली, “अण्णा, हितं एक मात्रा जास्तीची झालीया. काढून टाकू?”

मी म्हणालो, “न्हाय. चालच तशी हाय.”

हेच वाक्य मी तुला एकदा म्हटलं होतं. तुला आठवत असेल. अंथुर्ण्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, तालमीला, चिंचेखाली.

बागेला पाणी सोडायचं आहे, वीज आत्ताच आली. इथंच थांबतो.

दत्तोबा


वरकुटे
९ फेब्रुवारी २०२५

मानसिंग,

मागचं पत्र अर्धवट टाकलं. वीज आली होती हे खरं, पण पाणी तुझी वहिनीही सोडू शकली असती.

निकिता काल आली. मला न सांगता लॅपटॉप तात्यांच्या खाटेवर घेऊन बसली आणि तिनं तिसरी ओळ त्यांना ऐकवली, एकदा जास्तीच्या मात्रेसकट आणि एकदा तिच्याशिवाय. विचारलं, तात्या, खरी कुठली? मी दारातच उभा होतो.

तात्या हसले. “पयल्यानं न्हवती ती मात्रा. मागनं आली. तितं म्या दम घ्यायचो, बाय. छाती भरायचीच न्हाय. दत्तू ढोल धरायचा माज्यासाठी.”

तिनं विचारलं, “मग काकांना म्हाईत न्हवतं व्हय?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. “म्या म्हनलो व्हतो खरा, की कुनाला सांगू नगं. पर भावाला सांगितलं आसंल की त्यानं.”

मानसिंग, त्यांना नऊ वर्षं असं वाटत होतं की मी तुला सांगितलंय. तुला सगळं माहीत असून तू येत नाहीस, असं धरून ते बसले होते. त्यांनी कधी तुझ्यावर राग धरला नाही, पण तुझं नावही काढलं नाही, ते यामुळं.

आता सगळं लिहितो. तू सैन्यातून कायमचा परत आलास त्याच्या आदल्या वर्षी मी तात्यांना इंदापूरला डॉक्टरकडं नेलं होतं. दमा. फुंकायचं बंद करा म्हणाले. तात्यांनी तिथल्या तिथं मला शपथ घातली, कुणाला कळता कामा नये, मास्तरची छाती गेली हे कळलं तर कोण सुपारी देईल. त्यांचा पंप माझ्या खिशात असायचा. चालीच्या तिसऱ्या ओळीनंतर मी त्यांच्या खांद्यांकडं बघायचो. खांदे वर गेले की ढोल एक मात्रा धरून ठेवायचो, खाली आले की ठोका द्यायचो. बाकीचे माझ्या मागं थांबायला शिकले. वर्षभरात सगळ्या बँडला वाटायला लागलं की चालच तशी आहे.

मग तू आलास. तुझ्या कानाला ती मात्रा पहिल्याच दिवशी खटकली. खटकणारच, तुझे पाय सव्वीस वर्षं फौजेच्या बँडवर पडलेले. तू चिंचेखाली मला विचारलंस, “दादा, ही मात्रा कुठनं आली? पूर्वी न्हवती.” मी म्हणालो, चालच तशी हाय. तू म्हणालास, न्हाय, माझा डावा पाय उजव्यावर येतोय, मी काढू का ती? आणि मी म्हणालो, तुला पटेल तसं कर.

शपथ होती म्हणून मी सांगितलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं आहे. तू आल्यापासून पोरं तुझं ऐकायला लागली होती. तू बोट वर केलंस की रांग सरळ व्हायची. मी वीस वर्षं बँड ओढला आणि मला कुणी विचारीना. मला वाटलं, लग्नात तू ती मात्रा खाशील, तात्या तिथंच थांबून चार लोकांत तुला झापतील आणि तुझं फौजी नाक खाली येईल. एवढंच हवं होतं मला. तात्यांना दमच मिळणार नाही हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

अंथुर्ण्याच्या वेशीत तू हात वर केलास, थांबायचं नाही म्हणून. पण ढोल माझ्या गळ्यात होता. मी धरला असता तर सगळे थांबले असते. तात्यांचे खांदे वर गेलेले मी बघितले आणि ठोका दिला. क्लॅरिनेट किंचाळलं, तात्या वेशीच्या कट्ट्यावर बसले, वऱ्हाडातली पोरं हसली. त्यानंतर त्यांनी ते कधी तोंडाला लावलं नाही. आणि मी, पंप खिशात असलेला मी, सगळ्यांसमोर तुला म्हणालो की तू बापाचं वाजवणं मोडलंस, परत या बँडमध्ये पाय ठेवू नकोस. तू कॉर्नेट पेटीत घातलंस, तात्यांच्या पाया पडलास आणि चालत रस्त्याला लागलास. तू एक शब्द उलट बोलला नाहीस, कारण तुलाही वाटत होतं की मी म्हणतो ते खरं आहे.

ते खरं नव्हतं. तू चाल दुरुस्त करत होतास. मोडली मी.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तुला जे वाटायचं ते वाटू दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सापडलं. कशासाठी हवं? छापायला नको, भिंतीला लावायला नको. सारेगमवालं माझ्या सोयीचं होतं, ते मी सोडलं. पट्ट्यांवरचं घेतलं, कारण त्यातलं लिहिलेलं तुझ्या कॉम्प्युटरवर उघडतं आणि तुला वाचता येतं. हे पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होतं, कबूल करायला महिना लागला.

निकिता फाईल तुला पाठवतेय. वरचा सूर भरलाय. ती मात्रा ठेवायची की काढायची हे मी ठरवलेलं नाही. तो हक्क माझा नाही. तुझी पट्टी रिकामी आहे.

दत्तोबा


वरकुटे
२ मार्च २०२५

मानसिंग,

फाईल मिळाली. पत्र नव्हतं बरोबर. तीन आठवडे काही आलं नाही तेव्हा मी आशा सोडली होती. तुझ्या वहिनीला म्हणालो, आपलं संपलं. काल निकितानं बारामतीहून फोन केला आणि म्हणाली, “अण्णा, लॅपटॉप उघडा. काकांनी धाडलंय.”

उघडलं, तर खालच्या पट्टीवरच्या काळ्या चौकटी सगळ्या गेलेल्या. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत मुंग्यांची रांग. मी आता थोडंफार वाचतो, म्हणून आधी आवाज न लावता बोट ठेवून वाचत गेलो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी बोट थांबलं.

तू ती मात्रा ठेवलीस. त्या एकाच घराला पाच मात्रा दिल्यास आणि पुढची चाल जिथल्या तिथं बसली. एका घराची लांबी अशी वेगळी सांगता येते, हे मला माहीतच नव्हतं. वर क्लॅरिनेटला विश्रांती आहे. खाली मात्र तू थांबलेला नाहीस. तुझ्या कॉर्नेटचा एक लांब स्वर त्या मात्रेवरून पलीकडच्या घरापर्यंत गेलाय. त्या घराच्या डोक्यावर तू मराठीत टाईप केलंयस, ‘इथं तात्या दम घेतात.’

मग आवाज लावून तात्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. तिसरी ओळ संपली, त्यांचे खांदे वर गेले. नऊ वर्षांनी गेले, मानसिंग, मी अजूनही तिथंच बघत असतो. खांदे खाली आले आणि चौथी ओळ सुरू झाली. संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, “मान्यानं सूर धरला. आता दम घ्यायला भ्या न्हाय.” नंतर दिवसभर त्यांनी आणखी चारदा लावायला लावलं. कॉम्प्युटरचा तो टेम्पोवाला आवाज त्यांना आता चालतोय.

मी एकटा असताना परत उघडलं, कारण तू आणखी एक पट्टी वाढवली आहेस हे मला आधी दिसलं नव्हतं. सगळ्यात खाली, ढोलाची. मी पाठवलं त्यात ढोल नव्हता. तिसऱ्या ओळीनंतर तिथंही एक मात्रा धरलेली आहे. आणि डाव्या बाजूला वाद्यांची नावं असतात तिथं तू माणसांची घातलीस. क्लॅरिनेट, तात्या. कॉर्नेट, मानसिंग. ढोल, दादा.

तो शब्द मी बराच वेळ बघत बसलो. तुझ्या वहिनीनं हाक मारली तरी उठवेना.

तात्या आज सकाळपासून विचारताहेत, मान्या कवा येतोय. मी माळ्यावर चढून ढोल खाली काढला. कातडं पार सैल पडलंय. अंगणात उन्हात ठेवलाय, दोन-चार दिवसांत कातडं ताणलं जाईल.

तुझा दादा